ताई कधी मोठी झाली

माझी ताई दात बनवते. कुणी विचारलं की मी असंच सांगते, आणि समोरचा माणूस क्षणभर माझ्याच तोंडाकडे बघतो. दातांचे डॉक्टर वेगळे. ते दात काढतात, हिरड्यांचा ठसा घेतात आणि तो डबीत घालून ताईच्या लॅबमध्ये पाठवून देतात. ताई त्या ठशात प्लास्टर ओतून जबडा उभा करते, त्यावर गुलाबी मेणाच्या हिरड्या घडवते आणि मेणात एकेक दात रोवत जाते. हातात बारीक सुरी, शेजारी स्पिरिटचा दिवा, मान खाली. मी शाळेतून यायचे तेव्हा ती अशी बसलेली असायची आणि कॉलेजातून यायला लागले तेव्हाही अशीच.

लॅब म्हणजे आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. मालकांना सगळे बत्तीशीकाका म्हणतात. त्यांचे स्वतःचे दात पन्नाशीच्या आतच गेले, आता तोंडात आहे ती कवळी ताईने केलेली. "माझी जाहिरात माझ्याच तोंडात," असं म्हणत ते आलेल्या माणसाला ती काढून दाखवायला निघतात आणि आतून ताई ओरडते, "काका, नको!"

ताईची एक खोड होती. कुणाची पूर्ण कवळी करायची असली की ती त्या माणसाचा जुना, हसरा फोटो मागवायची. डॉक्टर वैतागायचे. एकदा एका निवृत्त पोस्टमनची कवळी आली. फोटोत त्यांच्या पुढच्या दोन दातांमध्ये चांगली फट होती. डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलं होतं, 'सरळ, एकसारखे.' ताईने फट ठेवली. आठवड्याने पोस्टमन बायकोला घेऊन लॅबच्या दारात हजर. मला वाटलं, आता भांडण. तर ते नुसतेच हसत उभे. बायको म्हणाली, "दीड वर्ष घरात कुणीतरी परका माणूस वावरत होता हो. आज आमचे हे परत आले." ताईचे कान लाल झाले. ती म्हणाली, "कडक काही खाऊ नका आठवडाभर," आणि आत निघून गेली.

आमची आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते आणि ताई अठराची. बाबा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे, महिन्यातले चार-पाच दिवस घरी. लहान मुलीला सोबत घेऊन करता येईल असं काम ताईला हवं होतं आणि बत्तीशीकाकांना प्लास्टर कालवायला माणूस हवं होतं. मी प्लास्टरच्या गोण्यांवर झोपून मोठी झाले. खेळायला मला फुटके जबडे मिळायचे. माझा पहिला दुधाचा दात पडला तेव्हा ताईने तो हातावर घेऊन अशा काही गंभीरपणे निरखला, की मला वाटलं ती आता तो परत बसवणार.

ती मला 'बारके' म्हणते. मी तिच्यापेक्षा वीतभर उंच आहे, तरी बारकेच.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला कथेचा पेपर होता. शिकवणाऱ्या मॅडम बारीक अंगाच्या, आवाज मात्र खणखणीत. पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'वयात येण्याच्या कथा'. मागच्या बाकांवर खसखस पिकली. मॅडमनी शांतपणे ते पुसलं आणि लिहिलं, 'जाणतं होण्याच्या कथा'. "हसून झालं असेल तर सुरू करू," त्या म्हणाल्या. "कारण हसू आलं म्हणजे तुम्ही अजून झालेला नाहीत."

त्या वर्षी मी अशा गोष्टी अधाशासारख्या वाचल्या. प्रत्येकीत कुणीतरी घर सोडायचं. कुणी मरायचं, कुणी दगा द्यायचं, नायक पुलावर किंवा टेकडीवर एकटा बसून राहायचा, आणि शेवटच्या पानावर त्याला काहीतरी उमजायचं. तिथून खाली उतरला की झाला मोठा. मला ते फार आवडायचं, आणि माझ्या आयुष्यात असलं काहीच घडत नाही म्हणून वाईटही वाटायचं. मी कुठे गेलेच नव्हते. माझ्यात मोठं म्हणावं असं एकच लक्षण दिसत होतं, ते म्हणजे त्या वर्षी उगवलेली अक्कलदाढ. तीही वाकडी आली.

सत्राच्या शेवटी मॅडमनी निबंध दिला : तुमच्या ओळखीतल्या एका माणसाची जाणतं होण्याची गोष्ट लिहा. मला विचारच करावा लागला नाही. ताईची एक गोष्ट आमच्या घरात लहानपणापासून सांगितली जायची. बाबा सांगायचे, पाहुण्यांसमोर तर हमखास. आईला जाऊन महिना झाला होता. मामा-मामी मला कायमचं न्यायला आले. अठरा वर्षांची ताई दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "ती कुठेही जाणार नाही." मामा-मामी आल्या पावली परत गेले. "त्या दिवशी माझी पोर मोठी झाली," असं म्हणून बाबा डोळे पुसायचे.

मी ते सगळं लिहिलं. दारातून येणारं ऊन लिहिलं, ताईच्या पदराआड लपलेली मी लिहिली. ताई तेव्हा फ्रॉक घालायची की काय, मला माहीत नव्हतं, पण पदर बरा वाटला. मॅडमनी निबंध वर्गात वाचून दाखवला. पुढच्या बाकावरच्या मुलीने नाक पुसलं. कॉलेजच्या वार्षिक अंकात तो छापायचं ठरलं. मी हवेत होते.

त्याच आठवड्यात, सोमवारी दुपारी, मी लॅबमध्ये एकटी होते. ताई तयार काम पोचवायला गेली होती आणि काका जेवायला. फोन वाजला. पलीकडून एका बाईंनी ताईचं नाव घेतलं आणि मी कोण ते विचारलं. मी म्हटलं, बहीण. त्या म्हणाल्या, "त्यांना निरोप द्याल? आमच्या कृत्रिम अवयवांच्या अभ्यासक्रमाला एक जागा रिकामी झाली आहे. प्रतीक्षायादीत त्यांचंच नाव पहिलं आहे. एक वर्षाचा कोर्स, राहायची सोय इथेच. फक्त शुक्रवारपर्यंत होकार हवा. आणि वयाची अट पस्तिशीची आहे, तेव्हा पुढच्या वर्षी त्यांना येता यायचं नाही."

ती संस्था आमच्या गावापासून बसने चौदा तासांवर. तिथे कान, नाक, डोळे बनवायला शिकवतात. भाजलेल्या, अपघातात सापडलेल्या, आजारात चेहऱ्याचा भाग गमावलेल्या माणसांसाठी. ताईने अर्ज केला होता, हेच मला माहीत नव्हतं. आमच्या घरात मिठाचा डबा कुठल्या फळीवर ठेवायचा याचीसुद्धा चर्चा व्हायची, आणि हे मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "सांगते." फोन ठेवला. तेवढ्यात ताई आली, घामाघूम. "कुणाचा फोन होता का गं?"

"नाही," मी म्हटलं.

का म्हटलं, ते तेव्हा कळलं नाही. संध्याकाळी सांगू, असं ठरवलं. मग उद्या. मंगळवारी ताईने मला आवडते म्हणून भाताला कांद्याची फोडणी दिली, आणि मी तो नुसताच चिवडत बसले. "दाढ दुखते का?" तिने विचारलं. मी मान हलवली. तिने लवंग आणून हातावर ठेवली.

बाबांची नजर अधू झाल्यामुळे ते दोन वर्षं घरीच होते. त्यांचं बघायचं कुणी? जेवणखाण? माझी परीक्षा? मी मनात कारणांची रांग लावत होते, आणि एकेक कारण तसं खरंही होतं. पण खरं कारण त्या रांगेत उभंच नव्हतं.

बुधवारी निबंधाची छापायला जाणारी प्रत हातात आली. छापण्याआधी ताईने वाचावा म्हणून मी तो लॅबमध्ये नेला. थोडं असंही होतं, की एवढं सुंदर तिच्याबद्दल लिहिलं आहे, तर माझ्या खात्यावरचं पाप जरा हलकं होईल. काका बाहेरच्या खोलीत पॉलिशच्या चाकाशी होते. ताईने हात पुसले, दिवा बारीक केला आणि उभ्यानेच वाचायला लागली. तिसऱ्या पानावर ती स्टुलावर बसली.

वाचून झाल्यावर कागद नीट जुळवून तिने माझ्या हातात दिले.

"छान लिहितेस तू," ती म्हणाली. "पण हे छापू नकोस."

"का?"

"कारण हे असं झालंच नाही."

मला वाटलं, लाजते आहे. मी म्हटलं, "बाबा तर..."

"बाबा कुठे होते तेव्हा? गाडीवर होते. त्यांना जे सांगितलं ते ते सांगतात." तिने सुरी उचलली, परत ठेवली. "मामा-मामी आले होते. मी दारात आडवी-बिडवी काही उभी राहिले नाही. मी तुझी पिशवी भरून ठेवली होती आधीच. तुझे चार फ्रॉक, दूध प्यायचा पेला. तुला मामीच्या कडेवर दिलं मी. माझ्या हाताने."

चाकाचा आवाज बंद झाला. काका ऐकत असावेत. मग त्यांनी मुद्दाम ते परत सुरू केलं.

"मला शिल्पकलेच्या कॉलेजात जायचं होतं," ताई म्हणाली. "फॉर्म भरलेला होता. मला वाटलं, सुटले. पहिले दोन दिवस मला इतकं हलकं वाटलं बारके, की माझी मलाच लाज वाटली. दुपारी झोपले. गाणी म्हटली मोठमोठ्याने. तिसऱ्या दिवशी मात्र घर असं अंगावर आलं! मी स्वयंपाकघरात असले की बाहेरच्या खोलीत रेडिओ लावून ठेवायचे. बाहेर आले की आत भांडी पडल्यासारखं वाटायचं. आई तिथे नाही हे मला तेव्हा समजलं. तोवर तुझं करण्यात वेळच मिळाला नव्हता. अकरा दिवस काढले. बाराव्या दिवशी उठले आणि मामाचं घर गाठलं."

"मला आणायला."

"हो. पण तू यायला तयार नव्हतीस." ती आता हसली, पण डोळ्यांत पाणी होतं. "मामी तुझ्यावर जीव टाकत होती. तुला नवे बूट आणले होते. तू तिच्या कमरेला मिठी मारून भोकाड पसरलंस. मी तुला ओढून काढलं. दारात आडवी उभी राहिली ती मामी. म्हणाली, 'पोरीला कशाला नेतेस, तुझं शिक्षण कर.' शहाणं बोलत होती. मी ऐकलं नाही. तुझ्यासाठी नाही गं. मला एकटीला भीती वाटत होती म्हणून."

मी निबंधाचे कागद गोल गुंडाळले.

"तू रस्ताभर मला चावत होतीस," ताई म्हणाली. "तेव्हाचे दात चांगले होते तुझे."

"मग... मग तू मोठी कधी झालीस?"

तिने खरंच विचार केला. ताई कुठल्याही प्रश्नाचा खरंच विचार करते. "काय माहीत," ती म्हणाली. "असेन झाले एखाद्या मंगळवारी. कामात असेन, लक्षात आलं नसेल."

आणि मग मी सांगितलं. फोन, सोमवार, शुक्रवार, सगळं एका दमात. सांगून झाल्यावर मी मोठ्याने रडायला लागले, वीस वर्षांची घोडी, जबड्यांच्या फळीला टेकून. "मला पण भीती वाटली," एवढंच मला शेवटी म्हणता आलं. "तुझ्याशिवाय घरात."

मला वाटलं होतं ती जवळ घेईल. तिने नुकतंच स्वतःचं असलंच काही सांगितलं होतं ना. पण ताईचा चेहरा पांढरा पडला होता.

"तीन दिवस," ती म्हणाली. "तीन दिवस तू माझ्यासमोर बसून जेवलीस."

तिने दिवा विझवला, ॲप्रन काढून खुंटीला लावला आणि बाहेर निघून गेली. बत्तीशीकाका दारात आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टेबलावरच्या अर्धवट कवळीकडे पाहिलं. "अर्ज मीच भरायला लावला होता तिला," ते म्हणाले. "दोन वर्षं मागे लागलो होतो. ती म्हणायची, बारकीचं कसं होईल. मी म्हणायचो, बारकी आता शहाणी झाली." त्यांनी ती कवळी उचलून फळीवर ठेवली. "असू दे. तोंड धू."

ताईने कोपऱ्यावरच्या दुकानातून संस्थेला फोन केला होता. जागा शिल्लक होती. ते तिने घरी येऊन बाबांना सांगितलं, माझ्या देखत, पण मला नाही. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. घरात नुसता भांड्यांचा आवाज. बाबा आमच्या दोघींच्या मधे निरोप्यासारखे : "ती विचारते, डाळ कुठे आहे." "सांगा, आहे तिथेच आहे."

बाबांना मी निबंधाचंही सांगून टाकलं. ते म्हणाले, "मला मामीने तेव्हाच सांगितलं होतं. पण ती पोर सोळा वर्षं दारात उभीच होती की नाही? मी जरा तारीख अलीकडे ओढली, एवढंच."

तिसऱ्या दिवशी ताईने माझ्यासमोर एक वही आदळली. तिच्यात तिने लिहिलं होतं : बाबांच्या डोळ्यांचे थेंब कुठल्या वेळी, गॅसवाल्याचा नंबर, दूध उतू जाताना आधी काय करायचं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'दाढ काढून घे. रडू नकोस.' मी विचारलं, "माफ केलंस?" ती म्हणाली, "अजून नाही. पण बस उद्याची आहे, त्याला काय करणार?" आणि मग तिने मला जवळ घेतलं, इतकं घट्ट की माझा चष्मा वाकला.

निबंध मी अंकातून परत घेतला. मॅडमना खरं कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग दुसरा लिहा. मुदत आठ दिवस." ताईने जाताना बजावलं होतं, माझ्यावर लिहू नकोस, लिहायचंच तर तुझं लिही. मी त्या तीन दिवसांबद्दल लिहिलं. त्यात ऊन नव्हतं की पदर नव्हता, आणि शेवटी कुणाला काही उमजतही नव्हतं. मॅडमनी तो वर्गात वाचला नाही. तास संपल्यावर मला थांबवून घेतलं.

"ताई गेल्या?"

"गेली."

"घरी स्वयंपाक कोण करतं?"

"मी आणि बाबा. करपतो."

"करपू दे," त्या म्हणाल्या, आणि निबंधाबद्दल एक अक्षर न बोलता गेल्या. गुण बरे होते, फार नाही.

पहिले काही आठवडे वाईट गेले. मी कॉलेजातून आले की पाय आपोआप लॅबकडे वळायचे. ताईच्या स्टुलावर नवीन मुलगी बसलेली असायची, चांगली होती बिचारी, पण तिच्याकडे बघवायचं नाही. बाबांनी चहा करायला शिकून घेतला, वासावरून. नजर नसताना दूध उतू जाण्याआधी बंद करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. दाढ मी काढून घेतली. रडले.

पाचव्या महिन्यात मी ताईला भेटायला गेले. वसतिगृहाच्या अंगणात चार-पाच मुलंमुली एका बाकापाशी जोरजोरात भांडत होती आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज ताईचा होता. कुणीतरी तिचं साच्याचं सामान न विचारता वापरलं होतं. बाकीचे सगळे तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. तिने केस कापले होते. मला पाहून भांडण अर्धवट टाकून धावत आली आणि आधी माझ्या वाकड्या चष्म्याकडे बघून म्हणाली, "हा अजून तसाच?"

दुसऱ्या दिवशी तिने मला कार्यशाळेत नेलं. एका नऊ वर्षांच्या मुलीला ती कान बनवत होती. मुलीचा उजवा कान अपघातात गेला होता. ती आईच्या शेजारी बसून पाय हलवत होती. ताई तिच्या डाव्या कानाकडे बघत, मधूनच मान तिरकी करत, मेण कोरत होती. मग रंगांच्या बाटल्या काढून त्वचेची छटा जुळवायला लागली. खिडकीपाशी नेऊन, परत आणून, पुन्हा खिडकीपाशी.

"ह्या कानात डूल घालता येईल?" मुलीने विचारलं.

तिची आई गडबडली. "अगं, ते..."

"येईल की," ताई म्हणाली. "पण आत्ताच सांग, भोक कुठे हवं. मागाहून जागा बदलता येत नाही."

मुलगी आरशापुढे गेली. डाव्या कानाचं भोक बोटाने चाचपलं, विचार केला, आणि म्हणाली, "थोडं वर. ह्या कानाचं आवडत नाही मला, फार खाली आहे."

ताईने मान डोलावली आणि पेन्सिलीने मेणावर बारीकसा ठिपका काढला, डावीकडच्यापेक्षा थोडा वर.

कोर्स संपल्यावर तिला तिथल्याच रुग्णालयात काम मिळालं. बाबा आणि बत्तीशीकाका दोघांनी तिला एकाच आवाजात सांगितलं, परत यायचं नाही. त्याला आता तीन वर्षं झाली. दर दोन महिन्यांनी येते, चार दिवस राहते, मिठाचा डबा तिच्या जुन्या फळीवर ठेवते आणि ती गेली की मी तो माझ्या फळीवर आणते. मी आता एका शाळेत शिकवते. ताई दुपारच्या सुट्टीत फोन करते, तोंडात घास असताना बोलते, आणि मी तिला सांगते, आधी गिळ, मग बोल.